पूजेचा पाइप

“पण नव्व्याण्णवला शंभर म्हणायला तुमचं काय जातं, आबा?”

आलेखाचा कागद खिडकीच्या उजेडाकडे धरून आबा बघत राहिले, मुलीचा बाप पत्रिका बघतो तसे.

“एकानं कमी आहे. फक्त एकानं.”

“हो,” आबा म्हणाले. “म्हणून ऐंशी.”

हेमकांत झांबरेच्या अंगातून वावटळ गेली. एक कमी झाला की नव्व्याण्णव होतात, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. एक कमी झाला की ऐंशी होतात, हे मात्र याच छपराखाली शिकवलं होतं, आणि शिकवणारे आबाच होते. शिकला तेव्हा तो मान डोलावून शिकला होता. तेव्हा पाइप दुसऱ्याचा होता.

आबा म्हणजे त्र्यंबक फालक. जळगावच्या पलीकडे, केळीच्या बागा संपतात आणि नुसतं ऊन सुरू होतं, तिथं पत्र्याच्या लांबलचक छपराखाली त्यांची परीक्षणशाळा होती. पाइपधंद्यातले सगळे तिला मठ म्हणत. येताना माणूस ट्रकच्या आवाजात बोलत येई आणि जाताना चप्पल हातात घेतल्यासारखा जाई, म्हणून मठ. शिवाय तिथं खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर पाइप बसलेले असत.

मठातलं काम साधं होतं. प्लॅस्टिकच्या दाण्यापासून केलेले पाण्याचे पाइप यायचे. त्यांचे तुकडे करायचे, दोन्ही तोंडांना झाकणं लावायची, आत दाबाचं पाणी भरायचं, टाकीत बुडवून ठेवायचं, आणि फुटायची वाट बघायची. वर्षभर. कुठला तुकडा किती दाबाखाली किती दिवस जगला, ते कागदावर टिंबाटिंबानं मांडायचं. त्या टिंबांवरून, हा दाणा पन्नास वर्षं किती ताण सोसेल ते काढायचं, आणि त्याप्रमाणे वर्ग द्यायचा. ऐंशी, नाहीतर शंभर. ज्योतिषी पन्नास वर्षांचं सांगतो आणि दक्षिणा घेऊन चालू लागतो. आबांना खाली सही करावी लागे.

एक टाकी कढत पाण्याची, एक गारेगार. ही गार टाकी यंत्र लावून बारा महिने गारच ठेवावी लागे, नियमच तसा. आता खानदेशातला चैत्र म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. चैत्रात त्या टाकीतल्या पाइपाएवढा सुखी जीव साऱ्या जिल्ह्यात नसे. एकदा कोणी साहेब तपासणीला आले. ते टाकीला पाठ टेकून जे बसले, ते तिन्हीसांजेला घरची माणसं शोधत आली तेव्हा उठले, आणि उठताना म्हणाले म्हणे की तपासणी अजून अर्धवट आहे, उद्या येतो.

आणखी एकदा एका पाइपाचं झाकण सुटलं, ते छपरातून पार गेलं. पलीकडच्या मळ्यात वांग्याच्या भरताचा बेत चालला होता. झाकण थेट कढईत. मळेवाले सांगतात की त्या दिवसासारखं भरीत पुन्हा जमलं नाही.

तर अशा जागी हेमकांत घडला होता. तरुणपणी तो आबांच्या हाताखाली होता, टाक्या धुण्यापासून रेघा मारण्यापर्यंत. मग बाहेर पडला, स्वतःचा कारखाना टाकला, स्वतःच्या डोक्यानं दाण्याचं मिश्रण जमवलं. आणि ते मिश्रण मठात येण्याआधीच साऱ्या औद्योगिक वसाहतीत सांगून टाकलं, की झांबऱ्याचा दाणा शंभराचा.

नुसतं सांगितलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यानं पाइपावर छापलं होतं.

काळा पाइप, निळ्या रेघा, आणि हात-हात अंतरावर पांढऱ्या शाईत ‘१००’. असे पाइप ट्रकांतून सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन पडलेसुद्धा होते. उद्यापासून चर खणून ते पुरायचे होते.

ते गाव त्याच्या थोरल्या बहिणीचं, इंदूताईचं. गाव डोंगरावर, पाणी खाली नाल्यात. लग्न होऊन गेल्यापासून इंदूताई ते डोक्यावरून वर नेत होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली की ती आधी नळ सोडायची. हात धुवायचे नाहीत, भांडं लावायचं नाही. नुसती बघत बसायची.

भावानं शब्द दिला होता. या आखाजीला पाणी तुझ्या दारात, आणि माझ्या पाइपातून.

योजनेच्या कागदावर शंभराचा वर्ग मागितला होता. शंभराचा पाइप अंगानं पातळ चालतो. ऐंशीचा असेल तर त्याच दाबाला तो जाड लागतो. डोंगराच्या पायथ्याशी वरच्या सगळ्या पाण्याचं ओझं येतं. तिथं पातळ अंगाचा ऐंशी पुरायचा नाही, हे हेमकांतला कोणी सांगायला नको होतं.

म्हणून तो आज भर दुपारी मठात उभा होता.

“मधली रेघ बघा ना, आबा. शंभराच्या कितीतरी वर आहे. सरासरीनं बघाल तर माझा पाइप शंभराचा बाप आहे.”

“सरासरी जमिनीत कशी पुरायची? मला दाखव एकदा. मी खणतो.”

पुरायचे ते एकेक पाइप. त्यातला कुठला दुबळा निघेल ते आधी कळत नाही, म्हणून मधली रेघ सोडून खालची धरायची. आणि खालच्या रेघेनं जो आकडा दिला, त्याच्या खालच्या पायरीवर उतरायचं. शंभराची पायरी, तिच्याखाली ऐंशीची. मधे पाय ठेवायला जागा नाही. सगळं पाठ होतं हेमकांतला. पाठ असलेलंच आज घशाखाली उतरत नव्हतं.

त्यानं कागद आपल्याकडे ओढला.

टिंबं मुंग्यांच्या रांगेसारखी शिस्तीत उतरत होती. एक मात्र रांग सोडून पार खाली पडलं होतं. एकटंच.

“हे बघा.” त्यानं त्यावर नख ठेवलं. “हे एक टिंब. सगळा घोळ यानं केलाय. खालची रेघ यानंच खाली ओढलीय.”

“यानंच,” आबा म्हणाले.

“हा तुकडा दाखवा मला.”

आबा सतरंजीवरून उठले. टाकीजवळच्या ढिगातून त्यांनी फुटलेला तुकडा आणला. बाकीचे तुकडे फुटताना पुरीसारखे टम्म फुगून फुटले होते. हा फुगलाच नव्हता. नखाएवढी बारीक चीर, बस. घरातलं अबोल माणूस एक दिवस उठून निघून जातं, तशी.

“हा माझा नाही,” हेमकांत म्हणाला.

आबा पुन्हा उठले.

आबांची एक रीत होती, तिला सगळा धंदा हसायचा. पार्टीनं पाइपांची रास आणून टाकली की आबा चष्मा काढून ठेवत, डोळे मिटत, राशीभोवती एक फेरा घालत आणि हाताला लागेल तो पाइप ओढत. पाइपवाले काय कमी बिलंदर. ते चांगला माल वर रचून ठेवत, आबांचा हात जिथं सहज पडेल तिथं. आबांचा हात वर पडतच नसे. तो मुंगसासारखा आत शिरे आणि तळातला पाइप काढे. त्या मिटल्या डोळ्यांना वास येतो असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, आबा एक डोळा किलकिला ठेवतात.

काढलेल्या पाइपाचा अर्धा भाग टाकीत जाई. उरलेला अर्धा मांडणीवर राही, साक्षीला. कोणी हा माझा नाही म्हणालाच तर.

आबांनी मांडणीवरून तो अर्धा काढला, धोतराच्या सोग्यानं धूळ पुसली आणि हेमकांतसमोर ठेवला.

काळ्या पाइपावर हाताचा पंजा उमटला होता. हळदीचा, बोटांच्या टोकांना कुंकू. वर्षभरात रंग उतरला होता, पण करंगळी वाकडी होती ते स्पष्ट दिसत होतं.

वाकडी करंगळी इंदूताईची. लहानपणी रहाटात सापडली होती.

हेमकांत एकदम हसला. हसता हसता त्याला खोकला आला.

“आबा, हा तर पूजेचा पाइप. मशीन पहिल्यांदा चालवलं तेव्हा ताईनं पूजा केली. पहिला पाइप बाहेर आला, त्यावर तिनं हाताचा ठसा उठवला. तो हा.”

“बरं.”

“पहिला पाइप, आबा. मशीन धड तापलेलं नसतं. दाणा अर्धाकच्चा राहतो. तो धरायचाच नसतो. पहिलं धिरडं तव्याचं, ताटातलं नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला.”

“खरं आहे,” आबा म्हणाले.

त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“खोड.”

हेमकांतला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“खोड. तू म्हणतोस ते शास्त्राला धरून आहे. टिंब गेलं की रेघ वर जाईल. शंभराच्या वर. मी सही करतो.”

हेमकांतनं पेन घेतलं. उद्या चर खणले जातील. आखाजीला ताई स्वतःच्या दारात नळ सोडून बसेल. त्यानं पेनाचं टोक टिंबावर आणलं.

“एवढं मात्र सांग,” आबा म्हणाले. “राशीत कसा आला?”

“कोण?”

“पूजेचा पाइप. पहिला म्हणतोस. पहिला भंगारात जातो.”

“भंगारात कसा टाकू, आबा? ताईचा हात आहे त्यावर. त्याला दळायला घालवेना. मग चांगल्यांतच ठेवला.”

“बरोबर केलंस. खोड.”

पेन पुन्हा खाली आलं. आबा चष्म्याच्या काचा पुसू लागले. बराच वेळ पुसत होते. त्या काचांवर तेवढी धूळ नव्हती.

“मशीन रोज सुरू करतोस ना रे?”

“करतो की.”

“रोज पहिला पाइप निघत असेल.”

“निघतो. जातो भंगारात.”

“रोज?”

गार टाकीचं यंत्र घुरघुरत होतं. कढत टाकीवरून वाफ येत होती. पाइप आपापल्या जागी दाब सोसत होते, एकही हूं की चूं करत नव्हता.

हेमकांतच्या डोळ्यांपुढे मागचा महिना आला. दुपारची वीज जायची. मशीन थांबायचं. वीज आली की पुन्हा सुरू, पुन्हा एक पहिला पाइप. तासाभरानं पुन्हा तेच. दारात ट्रक उभे. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मशीनवरचा माणूस कच्चा पाइप बाजूला काढायला वाकला, आणि मालक ओरडला होता, चालतंय रे, घाल त्यातच...

मालक म्हणजे तोच.

“आखाजीची घाई होती, आबा.”

आबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“वीज सारखी जायची. दर वेळी काढत बसलो असतो तर निम्मा मालही निघाला नसता. आणि दिसायला सगळे सारखेच असतात. वरून काही...”

“त्यांना कुंकू लावलंयस? नाही, ओळखायला म्हणून विचारलं.”

पायथ्याला पडलेली ती रास हेमकांतला दिसली. काळे पाइप, निळ्या रेघा, सगळ्यांवर शंभर. गावानं ट्रक वाजतगाजत उतरवून घेतले होते. ताईच्या सासऱ्यांनी नारळ फोडला होता. वरच्या पाइपांना झेंडूचे हार घातले होते. त्या हाराखाली कुठं, कितवा...

आबा डोळे मिटून उभे राहिले असते, तरी त्यांचा हात किती वेळा आत शिरणार होता?

हेमकांत हट्टाचा माणूस. त्यानं आणखी एकदा खांदा लावून बघितला.

“आज पाणी सोडलं तर आज फुटणार नाहीत.”

“नाही फुटणार.”

“पाच-सात वर्षंही काही होणार नाही.”

“कदाचित नाही होणार.”

“मग?”

“इंदूला नातू झाला म्हणालास ना?”

“हो. रांगतो आता.”

“हं,” आबा म्हणाले.

ते ‘हं’ हेमकांतनं ऐकलं. रांगणारं पोर उठून उभं राहिलं, मोठं झालं, सकाळी हातात कळशी घेऊन नाल्याकडे उतरायला लागलं. डोंगर तोच. वाट तीच.

त्यानं पेनाला टोपण लावलं. टिंब जिथल्या तिथं राहिलं.

मग तो बाहेर गेला आणि उन्हात उभा राहून बहिणीला फोन लावला. सावलीत उभं राहायचं त्याला सुचलं नाही, की त्यानं ती मुद्दाम टाळली, कोण जाणे. आतून आबांना एवढंच दिसत होतं की तो पायानं माती उकरतोय.

इंदूताई आधी हसली. पाइप परत न्यायचे, म्हणजे लग्न लागल्यावर नवरदेव परत न्यायचा, असं म्हणाली. भाऊ हसला नाही, तेव्हा ती थांबली. त्यानं सगळं सांगितलं. वीज, ट्रक, घाल त्यातच. तिचा हात उमटलेला पाइप वेळेआधीच फुटला, हेसुद्धा सांगितलं. त्यावर ती म्हणाली, सासऱ्यांना मी सांगते, तू सांगू नकोस, तुझ्या तोंडून ऐकलं तर ते तुलाच चरात पुरतील. हार आम्ही काढून ठेवू, पाइप घेऊन जा. आणि या आखाजीला मी येणार, दोन दिवस आधीच येणार, तुझ्या मोरीतला नळ सकाळी सोडणार तो रात्री बंद करणार. कोणी मधे बोलायचं नाही.

हेमकांत आत आला तेव्हा त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. गार टाकी हातभर अंतरावर होती. तो तिला टेकला नाही.

“ऐंशी लिहा, आबा.”

आबांनी लिहिलं. सही केली. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

“ऐंशी म्हणजे नापास नव्हे,” ते म्हणाले.

“माहीत आहे. अंगानं जाड. गावाचा पाइप जाड काढतो. तोच दाणा, तेच मशीन. वीज गेली की पुन्हा सुरू करताना निघेल तो पाइप मी स्वतः कापणार. ट्रक थांबला तर थांबू दे. पाऊसकाळापूर्वी ताईच्या दारात पाणी नाही गेलं तर झांबरे नाव लावणार नाही.”

“नाव लाव. शंभर तेवढं पूस.”

हेमकांतनं मान हलवली. छापलेलं पुसायला रॉकेल लागणार, चिंध्या लागणार, आणि वसाहतीतले सगळे बघायला येणार. येऊ देत. त्याच्या जबड्याचं हाड वर आलं होतं. हा जबडा आबांना ओळखीचा होता. टाक्या धुवायच्या वयातही एखादा डाग निघेना की तो असाच वर यायचा.

त्यानं इंदूताईच्या पंजाचा अर्धा पाइप काखेत घेतला.

“हा नेऊ का?”

“साक्षीचा आहे. राहू दे इथं.”

त्यानं तो परत मांडणीवर ठेवला, पंजा समोर येईल असा. दारापर्यंत गेला. तिथं थांबला. वळला.

“हा दाणा शंभराचाच आहे, आबा. घाई माझी होती. दाण्याचा दोष नाही. मी पुन्हा रास घेऊन येणार. पुन्हा वर्ष लागू दे.”

“आण.”

“आणि तुम्ही पुन्हा डोळे मिटून उचलणार.”

“मी कशाला? या वेळी तू उचल. डोळे चांगले उघडे ठेव. सगळ्यात वाईट असेल तो आण.”

हेमकांत राशीकडे बघावं तसा रिकाम्या अंगणाकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर जरा जुना हेमकांत आला, मिशीतल्या मिशीत हसणारा.

“आणि सगळी रास उलटीपालटी केली, तरी एकही वाईट सापडला नाही तर?”

आबांनी चष्मा काढला. घडी करून खिशात ठेवला. डोळे मिटले.

“तर मला बोलाव.”